नळीतली काळी कडा

तेओपिस्ता नाकियिंगीची नजर म्हणजे आमच्या धक्क्याची इस्टेट होती. हे उगाच कौतुक नव्हे. कंपालाजवळच्या मबांबाच्या दलदलीत पपायरसचं रान माणसाच्या डोक्यावरून जातं, आणि त्यात उभा असलेला बुल्वे पक्षी तासन्‌तास हलत नाही. माणसाच्या छातीइतका उंच, जाडजूड जोड्यासारखी चोच, अंगाचा रंग राखेचा. एवढं धूड समोर असून नवख्याला दिसत नाही. तेओपिस्ता मात्र होडीत बसल्या बसल्या हनुवटी जराशी वर करायची आणि म्हणायची, "तो काय, फी न मिळालेल्या वकिलासारखा उभाय." पाहुणे डोळे ताणून ताणून बघायचे, आणि कितीतरी वेळानं त्यांच्या तोंडून "अरे हो!" निघायचं.

ती नजर गेली. कशी गेली ते धक्क्यावर प्रत्येकजण वेगळं सांगतो. कुणी म्हणतं वय झालं, कुणी म्हणतं तिच्या बापानं मारलेल्या पक्ष्यांचा तळतळाट लागला, आणि बरेच जण आवाज खाली करून जावयाचं नाव घेतात. बोलणाऱ्यांचं तोंड कोण धरणार! पण झालं काय ते नीट ठाऊक आहे एका मुयिंगोलाच, तिच्या जावयाला, आणि ते त्याला सुखानं जेवू देत नाही.

तिचा बाप कोळी होता. त्या वेळच्या कोळ्यांचा पक्का समज होता की सकाळी बुल्वे दिसला की त्या दिवशी जाळं रिकामं. लहानगी तेओ होडीच्या टोकाला बसायची. बुल्वे सगळ्यांच्या आधी बघायचा आणि ओरडायचं, हेच तिचं काम. मग बाप एक तर होडी वळवायचा, नाहीतर वल्हं उचलून पक्ष्याच्या अंगावर जायचा. तिची नजर तयार झाली ती अशी. पुढे लग्न झालं, लेक रेस्ती झाली, नवरा तापानं गेला, आणि तेओपिस्ता धक्क्यावर धुरावलेले मासे विकायला बसली. तोवर दिवस असे पालटले होते की त्याच अपशकुनी पक्ष्याला बघायला लोक समुद्रापलीकडून यायला लागले. एक दिवस एक होडी हात हलवत परत आली, पाहुणे हिरमुसले, आणि तेओपिस्ता माशांवरच्या माश्या वारत म्हणाली, "त्या पिवळ्या फुलांमागे दोन उभे आहेत, तुम्ही त्यांच्या नाकासमोरून आलात." खरंच होते! त्या दिवसापासून ती होडीत बसायला लागली. आमच्या धक्क्यावरची पहिली बाई वाटाडी. गोमेसीचा, म्हणजे पायघोळ झग्याचा, घोळ कमरेला खोचून ती होडीत उडी मारायची तेव्हा म्हातारे कोळी तोंड फिरवायचे, पण त्यांचीच पोरं तिच्याकडून पक्ष्यांची नावं शिकायची.

एक डच बाई वर्षानुवर्षं यायची. तिचे गुडघे संपले तेव्हा ती आपली एकडोळी दुर्बीण तिपाईसकट तेओपिस्ताला देऊन गेली. दलदलीच्या मध्ये एक उंचवटा आहे, तिथं होडी लावायची, तिपाई रोवायची आणि पाहुण्यांना एकेक करून बघायला लावायचं. होडीत दुर्बीण लावून उपयोग नाही, पाणी हलतं. कित्येक वर्षं हे छान चाललं.

मग आले फोनवाले. त्यांना बघायचं कमी आणि दाखवायचं जास्त. फोनमध्ये बुल्वे मसुराच्या दाण्याएवढा यायचा आणि त्यांची तोंडं उतरायची. दुसऱ्या धक्क्यावरच्या पोरांनी दुर्बिणीला कॅमेरा जोडायचा परदेशी जोड आणला आणि पाहुणे तिकडे वळायला लागले. तेओपिस्ताकडे कॅमेरा होता, कंपालाच्या जुन्या बाजारातून आणलेला छोटा डिजिटल, खिशात मावणारा. त्याचं भिंग दुर्बिणीच्या भिंगापाशी धरलं की दुर्बिणीतलं सगळं कॅमेऱ्यात उतरतं, हे तिनं करून पाहिलं होतं. पण धरायचं नेमकं मधोमध, नेमक्या अंतरावर, आणि हात न हलवता. ते हातानं होतंय थोडंच! आणि तो विकतचा जोड घ्यायचा तर दुभती गाय विकावी लागली असती.

"माझ्या नशिबात काय, नुसतं डोळ्यांनी बघा म्हणायचं," ती रेस्तीपाशी कुरकुरली.

रेस्तीनं घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. मुयिंगो प्लंबर. नळ, टाक्या, पाइप, याच्यातच त्याचा दिवस जायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं, भिंतीला लावलेल्या पाइपाच्या तुकड्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "एवढंच ना? मी करतो."

आता इथं ओबुको आला. आमच्यात जावयानं सासूच्या वाटेला जायचं नसतं. एका चटईवर बसायचं नाही, हातात हात द्यायचा नाही, वाटेत समोरून आली तर त्यानं गवतात उतरून पाठ करायची. तिची चटई, तिचा पेला, तिनं अंगाला लावलेली कुठलीच वस्तू त्यानं शिवायची नाही. बोलायचं झालंच तर मध्ये कूड हवा. हे मोडणाऱ्याला ओबुको लागतो: हात थरथरायला लागतात ते मरेपर्यंत थांबत नाहीत. शिकलेली पोरं हसतात याला, पण सासू समोरून आली की तीही गवतात उतरतात. मुयिंगोला तर सासूबद्दल देवासारखा आदर. लग्नाच्या वेळी "नळ दुरुस्त करणाऱ्याला पोरगी देतेस?" म्हणून सगळे नातेवाईक उठले होते, आणि तेओपिस्ता म्हणाली होती, "माझ्या बापानं पक्षी मारले, हा निदान पाणी तरी देतो." तिचं तोंड त्यानं नीट पाहिलेलं नव्हतं, पण हे वाक्य त्यानं काळजात ठेवलं होतं.

म्हणजे बघा, ज्या दुर्बिणीला सासू रोज डोळा लावते तिला हा शिवणार नाही, आणि जोड तर तिलाच बसवायचा! मग माप कसं घ्यायचं? रेस्तीनं केळीच्या सोपटाचा दोरा दुर्बिणीच्या डोळ्याभोवती गुंडाळून, गाठ मारून आणला. दुसरा दोरा कॅमेऱ्याच्या नाकाचा. त्या दोन गाठींवरून मुयिंगोनं पाइपाची नळी कापली, एका टोकाला गरम करून फुगवली, आतून पॉलिश पेपरनं घासली, सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून घट्ट केली. उन्हात कॅमेऱ्याचा पडदा दिसत नाही म्हणून पडद्यावर ट्यूबच्या काळ्या रबराचं एक टोपरं शिवलं, त्यात एक डोळा खुपसून आत बघायचं. सगळं केळीच्या पानात बांधून रेस्तीकडे दिलं आणि दिवसभर त्याचं कामात लक्ष नव्हतं. तोंडात मासा धरलेल्या बुल्वेचा फोटो आला त्या दिवशी संध्याकाळी सासूकडून पानात वाफवलेली अख्खी कोंबडी आली. मुयिंगोनं ती खाताना डोळे पुसले. रेस्तीला वाटलं मिरची लागली.

दिवस पुन्हा फिरले. पाहुणे परतले. तेओपिस्ता त्यांना मास्तरणीसारखी शिकवायची, "बटण दाबा. हात काढा. आता दोन सेकंद थांबा, श्वाससुद्धा घेऊ नका. हलणं थांबतं आणि मग तो आपण होऊन फोटो काढतो." कॅमेऱ्यातली ती दोन सेकंदांची सोय तिला फार आवडायची. म्हणायची, माणसांनाही अशी सोय हवी होती, बोलायच्या आधी.

आणि मग एक दिवस ती रेस्तीला म्हणाली, "तुझ्या नळवाल्याला सांग, नळी लांब झालीय. कडेनं काळं येतंय."

यात नवल काहीच नव्हतं. कॅमेरा दुर्बिणीपासून लांब राहिला की चित्राभोवती काळं कडं येतं, हे या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत. मुयिंगोलाही कळलेलं होतं. रेस्तीनं नुसती नळी आणली, ती सासूच्या अंगाला लागत नसे म्हणून शिवायला चालायची; त्यानं तिचं एक टोक बांगडीएवढं कापलं, घासलं, परत पाठवली. आठवडाभर काही नाही. मग पुन्हा, "अजून काळं येतंय."

पुन्हा बांगडी. कापलेल्या चकत्या तो रंगाच्या रिकाम्या डब्यात टाकायचा. नळी इतकी आखूड झाली की कॅमेऱ्याचं भिंग दुर्बिणीच्या भिंगाला टेकायला लागलं. मग त्यानं मध्ये रबराची गादी घातली. मग वाटलं नळी तिरकी असेल, म्हणून नवी कापली. ती नवी नळीही तशीच. "काळं. उजवीकडून जास्त," निरोप आला.

तेओपिस्ताचा निरोप खरं तर इतका सौम्य नसायचा. ती भडकलेली असायची. "पाइप कापताना डोळे कुठं गहाण ठेवतो विचार त्याला! संडासाची टाकी नाहीये म्हणावं ही!" रेस्ती मान खाली घालून ऐकायची आणि घरी येऊन सांगायची, "आई म्हणाली, छान झालंय, फक्त जरासं काळं येतंय." दोन घरांमध्ये एकच बाई निरोप्या, तिनं कुणाकुणाचा राग वाहून न्यायचा? ती सगळं मऊ करून सांगायची. तिचा हेतू चांगलाच होता. आणि तो चांगला हेतूच सगळ्यांच्या मुळावर आला.

रेस्तीनं एकदा स्वतः टोपऱ्यात डोळा घालून पाहिलंही होतं. तिला स्वच्छ दिसलं. "आई, मला तर नाही दिसत काळं," ती म्हणाली.

"तुला म्हैस दिसली तरी पुष्कळ झालं," तेओपिस्तानं तिला झटकलं. "लहानपणापासून नजर नाही तुला. बापावर गेलीस."

बरं, पाहुण्यांनी तरी सांगावं! ते टोपऱ्यात बघायचे आणि "वा, सुंदर" म्हणायचे. पण पाहुण्यांवर तेओपिस्ताचा विश्वास नव्हता. चहात माशी पडली तरी थँक्यू म्हणणारी माणसं ती, त्यांचं काय घेऊन बसायचं?

मुयिंगोला एकदा शंका आली. रेस्ती बाजारपेठेतल्या फोटोच्या दुकानातून कागदावर काढलेले फोटो घेऊन आली होती, पाहुण्यांना विकायला. त्यानं ते उंबऱ्यात बसून एकेक पाहिले. चारही कोपरे लख्ख. पपायरसची टोकं अगदी कडेपर्यंत. "रेस्ती, इथं तर काळं नाहीच."

"मग आई खोटं सांगते?"

"तसं कुठं म्हणतोय मी!" तो दचकला. मग त्यानंच त्याचं उत्तर शोधलं, कारागिराचं उत्तर. दुकानवाला कडा छाटत असणार. छापताना छाटतातच. काळं कापून टाकलं असेल त्यानं. हे उत्तर इतकं बरोबर वाटलं की त्यानं पुन्हा करवत घेतली. सासूच्या नजरेवर संशय घेण्यापेक्षा दुकानदारावर घेणं सोपं होतं. धक्क्यावरच्या कुणीही तेच केलं असतं.

तरी एकदा, करवत हातात असताना, तो म्हणाला, "आईंना म्हणावं, एकदा दुसरा डोळा लावून बघा. डाव्यानं."

रेस्तीनं मान हलवली. गेली. पण आईपुढे गुडघे टेकून बसल्यावर तिची जीभ रेटेना. जिच्या नजरेवर धक्का चालतो तिला विचारायचं, तुझा डोळा ठीक आहे ना? आणि तेही जावयाच्या वतीनं? ती म्हणाली, "ते म्हणतात, काही चुकलं असेल तर माफ करा."

"चुकलंय ते दिसतंयच," तेओपिस्ता म्हणाली.

वर्षातले दोन्ही पावसाळे येऊन गेले. रंगाचा डबा चकत्यांनी भरत आला.

एका सकाळी होडीवाला काजुबी मुयिंगोकडे नळाची चावी मागायला आला आणि जायचं नावच घेईना. नळाबद्दल बोलला, पावसाबद्दल बोलला. शेवटी म्हणाला, "काल तेओपिस्ता मावशीला बुल्वे दिसला नाही."

"लांब असेल."

"लांब? उजव्या हाताला होता रे! इतका जवळ की शिंकला असता तर आपल्या अंगावर उडालं असतं. पाहुण्यांची पोरगी ओरडली तेव्हा मावशीनं मान वळवली. वळवून पण एकदम नाही दिसला. मग हसली, म्हणाली, मी तुमची परीक्षा घेत होते." काजुबीनं चावी खिशात घातली. "पाहुणे हसले. मला नाही हसू आलं."

तो गेला. मुयिंगो बसूनच राहिला.

रविवारी तेओपिस्ता आणि रेस्ती चर्चला गेल्या. दुर्बीण सासूच्या अंगणात, छपराखाली, गोणपाटात गुंडाळून ठेवलेली होती. मुयिंगो कुडाच्या आत शिरला. जावई सासूच्या अंगणात, ती नसताना! कुणी पाहिलं असतं तर गावभर झालं असतं. त्यानं गोणपाट सोडलं, तिपाई उभी केली, कॅमेरा चालू केला. त्या रबराच्या टोपऱ्याला सासूच्या केसांच्या तेलाचा वास येत होता. हे टोपरं शिवलं त्यानं होतं, पण आता ते तिचं होतं. त्यानं एकदा मागं पाहिलं आणि डोळा आत घातला.

समोरचं फणसाचं झाड दिसलं. पानं, पानांमागे आभाळ, एका फांदीवर खंड्या. सगळं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लख्ख. काळं कुठंच नव्हतं.

नळी पहिल्या दिवसापासून बरोबर होती. आणि तो वर्षभर कापत बसला होता.

दुपारी, चर्चहून परतल्यावर, तेओपिस्ता चुलीपाशी मातोके, म्हणजे हिरवी केळी, सोलत होती. कुडापलीकडून खाकरण्याचा आवाज आला. मुयिंगो कुडाकडे पाठ करून उभा होता, रीतीप्रमाणे.

"आई," तो म्हणाला.

सुरी थांबली. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा थेट तिच्याशी बोलत होता. "बोला, जावईबापू. रेस्तीला काही झालं?"

"नाही. आई, नळीत काळं नाही."

"आहे."

"नाही, आई. मी पाहिलं."

"तुम्ही कसं पाहिलंत?"

"डोळा लावला मी. तुमच्या दुर्बिणीला."

एवढी आगळीक केल्यावर दुसरी सासू असती तर आकांत केला असता, गाव गोळा केलं असतं. तेओपिस्तानं फक्त विचारलं, "मग काळं कुठंय?"

त्याला ठाऊक होतं. तो कुडाला पाठ लावून रडला. आत तेओपिस्तानं आधी उजवा डोळा हातानं झाकला, मग डावा. मग पुन्हा उजवा. रेस्ती दारातून बघत होती. नंतर ती सांगायची, आईनं डावा डोळा झाकला ना, तेव्हा तिच्या हातातलं केळं खाली पडलं आणि ती ते भलतीकडेच चाचपत बसली.

दवाखान्यात मुयिंगो बाहेर झाडाखाली बसला, आत जायची रीत नव्हती. रेस्ती एकटी बाहेर आली. या वेळी तिनं काहीच मऊ केलं नाही. डॉक्टरीणबाई जे बोलल्या ते जसंच्या तसं तिनं नवऱ्याच्या तोंडावर मारलं.

"काचबिंदू आहे. उजवा जवळजवळ गेला. डावाही चाललाय. गेलेलं परत येत नाही."

"थेंब? ऑपरेशन?"

"राहिलेलं थोडे दिवस टिकवता येईल. आणि ऐक, त्या काय म्हणाल्या ते. म्हणाल्या, हा रोग चोरपावलांनी येतो, माणसाला पत्ता लागत नाही. पण तुमच्या आईला लागला होता. रोज एका डोळ्यानं एकाच पडद्यात बघायच्या म्हणून त्यांना लवकर कळलं. कडेनं काळं दिसतं असं त्या म्हणाल्या तेव्हाच आणलं असतंत तर बराच डोळा वाचला असता." "तेव्हाच, म्हणाल्या. तेव्हा तू काय करत होतास? नळी कापत होतास! आणि मी इकडची नळी तिकडे नेत होते!"

त्यानं आपला चेहरा हातात घेतला. "मी सांगितलं होतं ना, दुसऱ्या डोळ्यानं बघायला?"

रेस्तीनं त्याच्याकडे पाहिलं. "मी नाही विचारलं आईला," ती म्हणाली आणि तिथंच मातीत बसली.

त्या झाडाखाली दोघं बसून राहिली आणि आत ती बाई अंधारलेल्या खोलीत डोळ्यांत थेंब घालून घेत होती.

तेओपिस्तानं दोघांनाही कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं मुयिंगोला अजून वाटतं. ती जमेल तितके दिवस होडीत बसली. दिसत नसलं तरी आवाजावरून सांगायची, पाण्याच्या वासावरून सांगायची, आणि काजुबी वल्हं तिच्या पायाला हळूच टेकवून खूण करायचा: डावीकडे, उजवीकडे. पाहुण्यांना कळायचं नाही. एकदा एका पाहुण्याला कळलं, आणि त्यानं आपल्या वाट्याचे सगळे शिलिंग देऊन वर तिचा खांदा थोपटला. त्या दिवशी घरी आल्यावर तिनं दुर्बीण गोणपाटात गुंडाळली आणि रेस्तीला म्हणाली, "कुणा डोळसाला देऊन टाक." रेस्तीनं ती नेली आणि आपल्याच घरी, पलंगाखाली ठेवली.

याच सुमारास मुयिंगोचे हात थरथरायला लागले. आधी जरासं, म्हणजे चहाचा पेला बशीवर वाजायचा इतकंच. मग पाइपाचे आटे बसेनात. लोकांना कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. "सासूच्या वस्तूला डोळा लावला, मग काय होणार? ओबुको!" दवाखान्यात त्याला सांगितलं, नसांचं काहीतरी असेल, नाहीतर मनाचं. त्यानं दोन्ही ऐकून घेतलं. त्याला स्वतःला वाटायचं, लागलाच असेल ओबुको तर लागू दे. डोळा लावल्याबद्दल नव्हे. इतका उशिरा लावल्याबद्दल.

पुढच्या पावसाळ्याआधी डावा डोळाही गेला.

आणि एका सकाळी, रेस्ती बाजाराला गेलेली, होड्या पाण्यात गेलेल्या, धक्का रिकामा, मुयिंगो तुटलेल्या पंपाचा भाग घेऊन पायवाटेनं येत होता. समोर पाहिलं तर तेओपिस्ता. गोमेसीचा घोळ खोचलेला, पाय पोटरीपर्यंत चिखलात. धक्क्याची वाट चुकून ती फाट्यावरून दलदलीच्या बाजूला वळली होती आणि पायांनी जमीन चाचपत पुढेच चालली होती. आणखी चार पावलांवर खोल पाणी.

त्याचे पाय सवयीनं गवतात उतरले. पाठसुद्धा वळली. मग तो तसाच, पाठमोरा, ओरडला, "आई, थांबा! पुढे पाणी आहे!"

ती थांबली. "जावईबापू? तुम्ही गवतात उतरलात का?"

"उतरलो, आई."

"मग रीत राहिली. मला काही होत नाही. जा तुम्ही. बाईमाणूस कुणी दिसलं तर पाठवा."

"कुणी नाही, आई. सगळ्या बाजाराला गेल्यात."

तिचा एक पाय आणखी रुतला. तिचा हात हवेत उघडला आणि काही न सापडून तसाच राहिला. तिच्या त्या रिकाम्या हाताकडे मुयिंगो मान वळवून पाहत होता. हात धरणं म्हणजे तर सगळंच संपलं. न धरणं म्हणजे तिला पाण्यात जाऊ देणं. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. बांधावर काजुबीचं जुनं वल्हं पडलेलं होतं, पातं फुटलेलं. ते उचलून, लांबवर हात करून, त्यानं पातं तिच्या बोटांपाशी नेलं.

"आई, वल्हं आहे. धरा."

तिनं चाचपलं. फुटलेलं पातं ओळखलं. मग दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

तो पुढे, ती मागे, मध्ये वल्हं, अशी ती दोघं बांधावर आली आणि धक्क्याच्या फळ्यांवर येऊन उभी राहिली. वारा पपायरसवरून येत होता. तेओपिस्तानं हनुवटी जराशी वर केली, जशी पूर्वी करायची.

"आहे का आज?"

मुयिंगोनं पाण्यावर नजर फिरवली. त्याला आयुष्यात कधी बुल्वे चटकन दिसला नव्हता. पण आज दिसला, पिवळ्या फुलांच्या मागे, एकटा. "आहे, आई. फुलांमागं. फी न मिळालेल्या वकिलासारखा."

ती हसली. खरोखर हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा मोडला. डोळे गेले तरी पाणी यायचं थांबत नाही. मुयिंगोनं तोंड फिरवलं. तोंड फिरवण्याची आता गरज नव्हती, ती कुठं बघणार होती? तरी त्यानं फिरवलं.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "जावईबापू, वल्हं हलतंय. तुमचे हात कापतायत."

"वाऱ्यानं असेल, आई."

"वाऱ्यानं नाही." तिनं पातं आणखी जवळ ओढलं, पोटाशी धरलं. "थांबा जरा. दोन सेकंद थांबू. हलणं थांबतं."

दोघंही थांबली, श्वास धरून. दोन सेकंद झाले, आणखी कितीतरी झाले. वल्हं हलतच राहिलं, आणि तिनं आपलं टोक सोडलं नाही.